सांता कातारिनेच्या आडून

२५ नोव्हेंबर जवळ आला की एक जुना वाद नव्यानं उकरला जातो. जुन्या गोव्यातलं से कॅथेड्रल जिला वाहिलेलं आहे त्या अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरिनचं, गोंयकारांच्या सांता कातारिनेचं, फेस्त त्या दिवशी असतं. पोर्तुगीज सेनानी अफोन्सो द अल्बुकर्कनं १५१० साली आदिलशाहीकडून गोवा घेतला तो दिवसही हाच. मग एक बाजू म्हणते, ही बाई कधी जन्मालाच आली नव्हती, खुद्द व्हॅटिकननं तिला यादीतून काढलं, तरी तुम्ही तिच्यापुढे मेणबत्त्या लावता. दुसरी बाजू म्हणते, आमच्या श्रद्धेत नाक खुपसू नका. हजार वर्षं लोक जिला हाक मारतायत ती खोटी कशी असेल? अलीकडे यात तिसरा सूर मिसळलाय. कॅथरिन म्हणजे चोरलेली हायपेशिया, पाचव्या शतकातली अलेक्झांड्रियाचीच तत्त्वज्ञ; चर्चच्या लोकांनी आधी त्या विदुषीला ठेचून मारलं आणि मग तिचीच गोष्ट आपल्या नावावर चढवली. तिन्ही बाजूंचा आवाज मोठा आहे आणि तिघांनीही प्रश्न चुकीच्या टोकाकडून धरलाय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कॅथरिन नावाची अशी कुणी बाई जवळपास नक्कीच होऊन गेली नाही. हे मान्य करायला भाविकांनी घाबरायचं कारण नाही, आणि हे सिद्ध केलं म्हणजे आपण काही गड जिंकला असं टीकाकारांनीही मानू नये. गोव्यापुरता खरा प्रश्न वेगळाच आहे. जिच्या असण्याचा एक कागद सापडत नाही तिच्यावर आपण तावातावानं भांडतो, आणि ज्यांच्या मरणाची नोंद मारणाऱ्यानंच आपल्या राजाला पत्रानं कळवली त्यांच्याबद्दल त्या भांडणात कुणी चकार शब्द काढत नाही.

आधी गोष्ट, कारण ती धड माहीत नसतानाच बरेच जण तिच्यावर बोलतात. चौथ्या शतकाची सुरुवात. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियातली अठरा वर्षांची, राजघराण्यातली, तत्त्वज्ञान आणि वक्तृत्व शिकलेली मुलगी. सम्राट मॅक्सेंटियस देवांना बळी देण्याचं फर्मान काढतो. ही सरळ त्याच्यापुढे जाऊन त्याला सुनावते. सम्राटाला उत्तर सुचत नाही, म्हणून तो राज्यातले पन्नास पंडित बोलावतो. पन्नासही वादात हरतात, ख्रिस्ती होतात, आणि सम्राट त्यांना जाळतो. कॅथरिनला कोठडीत टाकतात. तिथे तिला भेटायला गेलेली सम्राज्ञी तिच्या बाजूला येते, सेनापती पोर्फिरियस येतो, त्याचे दोनशे शिपाई येतात. सगळ्यांची मुंडकी उडतात. मग सुळे लावलेली चाकं तयार होतात, पण तिला त्यांवर चढवताच ती फुटून उडतात. शेवटी तिचा शिरच्छेद होतो. मानेतून रक्ताऐवजी दूध वाहतं आणि देवदूत तिचं शरीर उचलून सिनाय पर्वतावर नेतात. चित्रांत आणि मूर्तींत तिच्याशेजारी मोडकं चाक असतं ते यामुळे. इंग्लंडात आपल्या भुईचक्रासारख्या फटाक्यालाही तिचंच नाव पडलंय.

यातलं कसोटीला काय उतरतं? फारसं काहीच नाही. मॅक्सेंटियसची सत्ता रोम आणि इटलीकडे होती, इजिप्तवर त्याचा अंमल कधीच नव्हता. शिवाय त्यानं आपल्या मुलखात ख्रिस्ती लोकांचा छळ थांबवला होता. म्हणजे कथेनं खलनायकच चुकीचा निवडला. त्या काळातला महत्त्वाचा साक्षीदार, कैसरियाचा बिशप युसेबियस, छळाची वर्णनं पानंच्या पानं लिहितो. त्यात कॅथरिन नाही. एक बाई मात्र आहे. अलेक्झांड्रियातली घरंदाज, श्रीमंत, शिकलेली ख्रिस्ती बाई. पूर्वेचा सम्राट मॅक्सिमिनस दाया तिच्यामागे लागला, तिनं त्याला धुडकावलं, आणि त्यानं तिची मालमत्ता जप्त करून तिला हद्दपार केलं. युसेबियस तिचं नाव देत नाही. कथेचं बीज इथलं असू शकेल, पण या बीजात चाक नाही, पंडित नाहीत, मरणसुद्धा नाही. सिनायचा प्रसिद्ध मठ जस्टिनियन सम्राटानं सहाव्या शतकात बांधला तेव्हा तो कॅथरिनच्या नावानं नव्हता. तिच्या अस्थी तिथे सापडल्याची कथा आणि मठाला तिचं नाव, हे सगळं पुष्कळ नंतरचं. तिची गोष्ट आणि तिची उपासना नीट दिसू लागते ती तिच्या कथित मरणानंतर चारेक शतकांनी. एखाद्या राज्यात सम्राज्ञी, सेनापती आणि पन्नास पंडित एकदम मारले जातात आणि चारशे वर्षं त्याची कुणीच वाच्यता करत नाही, हे कुठल्या इतिहासात बसतं?

ती खोटी म्हणून फेकून द्या, असं म्हणणाऱ्यांकडे एक मुद्दा खरोखर जबरदस्त आहे, आणि गंमत म्हणजे तो ते क्वचितच मांडतात. रचलेला रक्तसाक्षी, म्हणजे धर्मासाठी मेलेला हुतात्मा, खऱ्या रक्तसाक्षीला झाकून टाकतो. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये ७ मार्च २०३ रोजी पर्पेतुआ नावाच्या ख्रिस्ती बाईला आखाड्यात मारण्यात आलं. वय बावीसच्या आसपास, शिकलेली, पदरात अंगावर पिणारं मूल. तिनं तुरुंगात स्वतः लिहिलेलं टिपण लॅटिनमध्ये आज उपलब्ध आहे. त्यात देवदूत चाकं फोडत नाहीत. त्यात कोठडीतला काळोख आणि उकाडा आहे, पैसे उकळणारे शिपाई आहेत आणि बाहेर राहिलेल्या बाळाची काळजी आहे. दोन डीकन, म्हणजे चर्चचे सेवक, लाच देऊन तिला काही तास जरा बऱ्या जागेत हलवून घेतात. तिथे ती भुकेनं मलूल झालेल्या बाळाला पाजते. पुढे मूल जवळ ठेवायची परवानगी मिळते तेव्हा ती लिहिते की तुरुंग मला एकदम राजवाडा वाटू लागला. शिक्षा झाल्यावर तिचा बाप मूल द्यायला नकार देतो. पण मुलानं अंगावरचं आपणहून सोडलं आणि छातीही दाटून आली नाही, ही देवाची कृपा, अशी ती नोंद करते. तिच्याबरोबर फेलिसितास ही गुलाम बाई होती, तुरुंगातच आठव्या महिन्यात बाळंत झालेली. दोघींना उघडं करून, अंगावर जाळं टाकून आखाड्यात आणलं, तेव्हा एक कोवळी पोर आणि दुसरी ओली बाळंतीण, स्तनांतून दूध ठिबकतंय, हे पाहून रक्त बघायला जमलेली गर्दीसुद्धा शहारली. दोघींना परत नेऊन अंगात सैल झगे घालण्यात आले.

आता कॅथरिनच्या मानेतून वाहिलेलं दूध आठवा. एकीकडे कुमारिकेच्या गळ्यातून निघालेलं चमत्काराचं दूध, दुसरीकडे मूल हिरावलेल्या आणि आदल्या दिवसांत बाळंत झालेल्या बायांचं खरं दूध. ख्रिस्ती जगानं मन लावून कुणाला आळवलं? मध्ययुगात पर्पेतुआ विद्वानांच्या कपाटांत बसली आणि कॅथरिन गावोगावच्या भिंतींवर चढली. शेवटच्या क्षणी नवख्या ग्लॅडिएटरचा वार हाडावर बसला, तेव्हा त्याचा थरथरता हात पर्पेतुआनं स्वतः आपल्या गळ्यावर नेऊन ठेवला, असं तो प्रसंग नोंदवणारा लिहितो. त्यापुढे पन्नास पंडितांचा पराभव मला तरी मिळमिळीत वाटतो. हे नुकसान खरं आहे आणि कॅथरिनच्या बाजूनं बोलणाऱ्यानं ते आधी कबूल करायला हवं.

तरीही फेकून द्या हे उत्तर मला पटत नाही. कथा खोटी असली तरी जिच्यावर ती उभी आहे ती जमीन खरी आहे. रोमन सम्राट डायोक्लेशियननं ३०३ साली छळाचं पहिलं फर्मान काढलं आणि इजिप्तला त्याची झळ जबर बसली. वरच्या इजिप्तमध्ये आपण डोळ्यांनी पाहिलेलं युसेबियस सांगतो: एका दिवसात कधी दहा, कधी वीस, कधी साठ, एकदा तर शंभर माणसं, बायकापोरांसकट, कुऱ्हाडींना धार उरली नाही आणि मारेकरी दमले म्हणून पाळीपाळीनं कामाला लागले. चर्चच्या लेखकांनी हुतात्म्यांचे आकडे फुगवले हे आज अभ्यासक पुराव्यानिशी दाखवतात, आणि युसेबियसही काही तटस्थ पंच नव्हता. पण थकलेल्या मारेकऱ्यांचा तपशील सजावटीचा वाटत नाही. त्या शंभरांतल्या बहुतेकांची नावं कुणालाच ठाऊक नाहीत. बिननावाच्या मेलेल्यांना लोक पुढे एक नाव देतात, एक चेहरा देतात आणि जिवंतपणी न मिळालेला विजयही देतात. हे आपल्याकडे नवं आहे का? मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळून चोखोबा आणि कितीतरी मजूर गाडले गेले. नामदेवांनी हाडं कानाला लावली आणि ज्यांतून विठ्ठल ऐकू आला ती चोखोबांची म्हणून ओळखली. त्या हाडांचा इतिहास कुणी मागत नाही आणि मागूही नये. मात्र भिंतीखाली माणसं कुणी आणि कशी कामाला जुंपली होती, हे विचारायचं राहून गेलं तर मात्र गोष्टीनं आपल्याला फसवलं असं म्हणावं लागेल.

व्हॅटिकननंच तिला खोटी ठरवलं, हा युक्तिवाद तर अर्धवट माहितीवर उभा आहे. १९६९ मध्ये पोप सहावे पॉल यांनी संतांच्या सर्वसाधारण कॅलेंडरची फेररचना केली, तेव्हा कॅथरिनचा दिवस त्यातून गेला. तिच्याविषयी खात्रीलायक असं काहीच सांगता येत नाही, हे कारण उघड दिलं गेलं. संतांच्या मोठ्या नोंदवहीतलं तिचं नाव पुसलं नाही, ठिकठिकाणची फेस्तं बंद केली नाहीत, आणि २००२ च्या मिस्साग्रंथात, म्हणजे चर्चच्या अधिकृत उपासनाग्रंथात, २५ नोव्हेंबर ऐच्छिक स्मरणदिन म्हणून परतही आला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ही चिकित्सा बाहेरच्यांनी लादलेली नव्हती. १७ व्या शतकापासून बोलांदिस्त नावाचा जेझुइट अभ्यासकांचा गट संतचरित्रं चाळणीतून गाळत आलाय. त्यांच्यातल्या पापेब्रोखनं कार्मेलाइट या संन्याशांच्या पंथाची स्थापना बायबलमधल्या एलिया संदेष्ट्यानं केली हा दावा उडवून लावला, तेव्हा त्यांच्या ग्रंथांवर स्पेनच्या इन्क्विझिशननं, म्हणजे पाखंड शोधणाऱ्या धर्मन्यायालयानं, १६९५ मध्ये बंदी घातली. पुराण आणि पुरावा वेगळे करा असं म्हणणारे पाद्री चर्चमध्ये तीनशे वर्षं आहेत. श्रद्धेला हात लावला म्हणून आज रागावणाऱ्यांनी हा आपलाच वारसा जरा बघावा.

हजार वर्षं लोक मानतात ते खोटं कसं, या प्रश्नाचं उत्तर तर आपल्या दारातच आहे. कॅथरिनच्या फेस्तानंतर दोन दिवसांनी, २७ नोव्हेंबरला, रोमच्या नोंदवहीत बार्लाम आणि जोसाफात या संतांचं स्मरण असे. जोसाफात हा हिंदुस्थानच्या राजाचा मुलगा. त्याला दुःख दिसू नये म्हणून बाप महालात कोंडून वाढवतो. एक दिवस त्याला रोगी, म्हातारा आणि मेलेला माणूस दिसतो आणि तो राज्य सोडतो. ओळखलंत ना? बोधिसत्त्वाची कथा फारसी, अरबी, जॉर्जियन, ग्रीक, लॅटिन असे मुक्काम करत युरोपात पोचली आणि बुद्ध ख्रिस्ती संत होऊन बसला. १७ व्या शतकाच्या सुरुवातीला गोव्यातल्या पोर्तुगीज दप्तराचा इतिहासकार दियोगो द कोतो यानं हे साम्य टिपलं. वसईजवळच्या साष्टी बेटावर तो कान्हेरीची लेणी बघायला गेला होता. ही कुणी कोरली, असं त्यानं तिथल्या एका म्हाताऱ्या हिंदूला विचारलं. जोसाफातच्या बापानं मुलाला एकांतात वाढवायला, असं उत्तर मिळाल्याचं तो लिहितो. त्या म्हाताऱ्यानं नेमकं कुणाचं नाव घेतलं असेल याचा अंदाज आपण करायचा. कोतोला वाटलं, हे लोक ज्याला बुद्ध म्हणून पूजतात तो आपला जोसाफातच असावा. दिशा उलटी, पण धागा बरोबर हाती लागला होता. शतकानुशतकं लाखो भाविकांनी जोसाफातला हात जोडले म्हणून तो ऐतिहासिक झाला नाही, आणि तो मुळात शाक्यमुनी निघाला म्हणून त्या भाविकांची प्रार्थना वेडगळ ठरली असंही मला वाटत नाही. संख्या आणि वर्षं मोजून पुरावा तयार होत नाही, एवढंच.

आता हायपेशिया. या बाजूचा नैतिक जोर मला मान्य आहे. ४१५ साली अलेक्झांड्रियात ख्रिस्ती जमावानं गणितज्ञ थेऑनची मुलगी, स्वतः गणित आणि तत्त्वज्ञान शिकवणारी हायपेशिया, गाडीतून ओढून काढली, कायसारियन नावाच्या चर्चमध्ये नेली, विवस्त्र केली, खापऱ्यांनी मारली आणि तिच्या देहाचे तुकडे जाळले. त्याच शहरात पुढे एका विदुषीची गोष्ट तयार होते जिला मूर्तिपूजक मारतात आणि ख्रिस्ती पूजतात. चीड येणारच. पण चीड म्हणजे पुरावा नव्हे. हायपेशियाच्या खुनापासून कॅथरिनच्या कथेपर्यंत जाणारा मजकुराचा एकही दुवा हातात नाही. एकच शहर, शिकलेली अविवाहित बाई आणि हिंसक मरण एवढंच सामायिक आहे, आणि विद्वानांना वादात हरवणारा तरुण रक्तसाक्षी हा तर तसल्या कथांचा ठरीव साचा होता. कॅथरिनच्या भक्तांनी जे केलं तेच ही मंडळी करतात: मधली रिकामी शतकं आपल्याला हव्या त्या गोष्टीनं भरून काढतात. आणि एक अडचणीची बाब ते सांगत नाहीत. हायपेशियाचा खून आपल्याला मुख्यतः कळतो तो सॉक्रेटिस स्कोलास्टिकस या ख्रिस्ती इतिहासकाराकडून. या कृत्यानं बिशप सिरिल आणि अलेक्झांड्रियाच्या चर्चला काळिमा लागला, असं तो स्वच्छ लिहितो. तिची थोरवी कळते ती तिच्या शिष्याच्या, सिनेसियसच्या पत्रांतून, आणि हा शिष्य पुढे बिशप झाला. ती पत्रं पुढे उतरवून ठेवणारे हातही ख्रिस्ती होते. चोरीचा आरोप करायचा तर चोरानं मुद्देमालाची यादी इतकी जपून का ठेवली, हे सांगायला हवं.

कथा चर्चनं बायकांना काबूत ठेवायला वापरली, असंही म्हटलं जातं. वापरली असेल. पण कथेची मालकी एकाच्या हाती कधी राहते का? १२ व्या शतकात इंग्लंडातल्या बार्किंगच्या मठातल्या क्लेमन्स नावाच्या जोगिणीनं कॅथरिनचं चरित्र फ्रेंच पद्यात रचलं. मठातल्या बाईनं लेखणी हाती धरायची, तर पंडितांना गप्प करणाऱ्या बाईइतका चांगला विषय कुठला मिळणार? आणि झान द आर्क, म्हणजे फ्रान्सची जोन ऑफ आर्क. तिला ज्या संतांचे आवाज ऐकू येत त्यांत कॅथरिन होती. १४३१ मध्ये रुआँला तिच्यावर खटला चालला तेव्हा ही एकोणीस वर्षांची शेतकऱ्याची पोर धर्मशास्त्राच्या डॉक्टरांच्या घोळक्यापुढे एकटी उभी राहून उत्तरं देत होती. तिला पाखंडी ठरवणारं मत पॅरिस विद्यापीठानं दिलं, आणि त्या विद्यापीठातले लोक कॅथरिनला तत्त्वज्ञांची आश्रयदाती मानून तिचा दिवस साजरा करत. पन्नास पंडितांची गोष्ट दरवर्षी ऐकणाऱ्यांना आपण त्या गोष्टीत कुठल्या बाजूला उभे आहोत हे दिसलं नाही.

हाच आंधळेपणा गोव्यात दगडात कोरलेला आहे, आणि माझ्या मते वाद खरा तिथे व्हायला हवा.

२५ नोव्हेंबर १५१० ला अल्बुकर्कनं शहर घेतलं ते दुसऱ्यांदा. त्याच वर्षाच्या सुरुवातीला ते त्याच्या हाती आलं होतं आणि काही महिन्यांत आदिलशाही फौजेनं परत घेतलं होतं. दुसऱ्या खेपेस कॅथरिनचा दिवस होता, म्हणून विजय तिच्या नावे जमा झाला. तिच्या नावानं छोटं देऊळवजा चॅपेल उभं राहिलं, १५३४ मध्ये त्याला कॅथेड्रलचा दर्जा मिळाला, १५५० मध्ये गव्हर्नर जॉर्ज काब्राल यानं ते वाढवून एक शिलालेख बसवला: याच जागी ते दार होतं, जिथून अल्बुकर्क आत शिरला आणि त्यानं मुसलमानांकडून हे शहर घेतलं. पुढे शेजारीच १५६२ मध्ये आजच्या भव्य से कॅथेड्रलचं काम सुरू झालं. त्याच्या मुख्य वेदीवर सोनेरी मुलाम्याच्या लाकूडकामात कॅथरिनच्या आयुष्यातले प्रसंग आहेत. पोर्तुगीज भारताच्या राजचिन्हातही तिचं चाक जाऊन बसलं.

दारातून आत शिरल्यावर काय झालं, हे शिलालेख सांगत नाही. ते अल्बुकर्कनंच सांगितलंय. २२ डिसेंबर १५१० ला राजा मानुएलला लिहिलेल्या पत्रात तो कळवतो की चार दिवस सैनिक रक्त सांडत होते, जिथे मुसलमान सापडले तिथे एकालाही सोडलं नाही, मशिदी माणसांनी भरून पेटवून दिल्या, शेतकरी आणि ब्राह्मण यांना मात्र मारू नये असा हुकूम होता, आणि मेलेल्यांची मोजदाद सहा हजार जीव, बायका आणि पुरुष. या आकड्यात बढाईचा भाग असू शकतो. जिंकणारे आपल्या राजाला आकडे वाढवूनच कळवतात. पण हे लिहिणाऱ्याला त्यात लाज वाटली नाही, मोठं काम झाल्याचं समाधान वाटलं, एवढं पत्रावरून कळतं.

यावर येणारे आक्षेप मला ठाऊक आहेत आणि ते पोकळ नाहीत. त्या काळात जिंकलेलं शहर लुटणं हाच शिरस्ता होता, मग एकट्या अल्बुकर्कलाच का धरायचं? होनावरकडच्या तिमोजा या हिंदू सरदारानंच त्याला गोव्यावर चालून जायला सुचवलं आणि मदत केली; तेव्हा हे परके विरुद्ध आपले असं सरळ चित्र नाही. आणि आज फेस्ताला जाणारा गोव्याचा ख्रिस्ती माणूस हा अल्बुकर्कचा वारस नव्हे; तो इथल्याच मातीतला, ज्याच्या पूर्वजांवर त्याच राजवटीनं वेगवेगळ्या मार्गांनी धर्म लादला किंवा ज्यांनी तो स्वतःहून घेतला, त्यांचा वंशज. त्याच्याकडे १५१० चा जाब मागणं हा शुद्ध आचरटपणा आहे, आणि त्या नावाखाली फेस्त बंद करायची मागणी करणाऱ्यांना मेलेल्या सहा हजारांची कणव आहे असं मला तरी दिसत नाही. ती मंडळी त्या मुसलमानांसाठी एरवी एक अश्रू ढाळायची नाहीत.

पण शिरस्ता होता म्हटलं की प्रश्न मिटत नाही. कत्तली पुष्कळ झाल्या. प्रत्येक कत्तल एका छळ सोसलेल्या मुलीच्या नावे जमा झाली नाही. कॅथरिनच्या कथेचा गाभा काय आहे? सत्ता सांगेल त्या देवाला नमणार नाही, म्हणणाऱ्या एकटीचा हट्ट. युरोपातल्या कितीतरी मूर्तींत तिच्या पायाखाली सम्राट चिरडलेला दिसतो. जुन्या गोव्यात मांडवीच्या धक्क्याकडून येणाऱ्या व्हाइसरॉयच्या कमानीवर, शहराकडच्या बाजूला, एक स्त्री उभी आहे आणि तिच्या पायाखाली एक माणूस आडवा पडलाय. ती कॅथरिन असल्याचं अनेक जण मानतात. पायाखालचा माणूस मात्र सम्राट नाही, इथला जिंकलेला आहे. छळणारा बाजूला गेला आणि हरलेला त्याच्या जागी आला, बाई तीच. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आलं, त्याची कचेरी कॅथेड्रलच्या समोरच्या चौकात, आणि शिक्षा सुनावण्याच्या मिरवणुकीच्या पहाटे कॅथेड्रलची मोठी घंटा वाजत असे, असं त्या तुरुंगातून सुटलेला फ्रेंच वैद्य देलाँ सांगतो. बळजबरीच्या पूजेला नाही म्हणणाऱ्या मुलीच्या देवळातून बळजबरीची हाळी. तिथल्या कुणा पाद्र्याला हे विचित्र वाटलं नसेल?

ती नव्हतीच, हे ओरडून सांगणाऱ्यांनी ही विसंगती हातातून घालवली. कॅथरिन नव्हती असं म्हटलं की विषय तिथे संपतो, आणि दारातून शिरलेला माणूस, चार दिवस आणि ती मोजदाद तशीच शिलालेखाच्या मागे राहते. उलट तिची गोष्ट गोष्ट म्हणून गांभीर्यानं घेतली, तर पहिला प्रश्न तीच विचारते: या गावात माझ्या दिवशी सम्राट कोण होता आणि चाकावर कोण? भाविकाला हा प्रश्न विचारता येतो, आणि तो त्याच्या श्रद्धेच्या आतून येतो. बाहेरून कुणी दटावायची गरज राहत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. फेस्त चालू राहावं, वेदीवरची चित्रं राहावीत, काब्रालचा दगडही आहे तिथेच राहावा, कारण तो काढणं म्हणजे आणखी एक पुरावा नष्ट करणं. फक्त त्या चॅपेलच्या बाहेर, दगड वाचून झाला की नजर जाईल अशा जागी, अल्बुकर्कच्या पत्रातली ती चार वाक्यं कोकणी, मराठी आणि पोर्तुगीजमध्ये लावावीत. भाष्य नको, विशेषणं नकोत, पत्राची तारीख पुरे. यानं तेढ वाढेल म्हणणाऱ्यांनी दक्षिण गोव्यातल्या कुंकळ्ळीला जाऊन यावं. १५ जुलै १५८३ ला तिथे पाच जेझुइट मारले गेले, त्यांत अकबराच्या दरबारात राहून आलेला रुदोल्फो आक्वाव्हिवा होता. पुढे गावच्या नाईकांना बोलणीच्या मिषानं असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून कापून काढलं. जेझुइटांना १८९३ मध्ये चर्चनं धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवरचे, घोषित केलं. नाईकांसाठी कितीतरी काळ साधा दगडही नव्हता. आता त्यांचं स्मारक आहे. जेझुइटांची आठवणही तिथे आहे, आणि दोन्हींच्या मधून गावची माणसं रोज बाजाराला जातात. जुन्या गोव्याचं चॅपेल जागतिक वारशात मोडतं, तिथे नवं काही उभारता येत नाही, असा नियम कुणी पुढे करेल. पण अशा वास्तूंच्या बाहेर इतिहास सांगणारे फलक लावायचा रिवाज पुरातत्त्व खात्याचाच आहे. त्यावर चार ओळींची जागा निघेल.